तान्ह्याला विटाळ नसतो

१७ जून १९५७, सोमवार

शाळा बंद! पंधरा दिवस! फ्लूमुळे. एरवी नाचले असते. आज वर्गात अकराच मुली होत्या, त्यातल्या चौघी खोकत होत्या. बाईंचा आवाजही बसलेला.

माझ्या बाकावरची चंपा आठ दिवस नाही. तिला ताप होता, हे ठाऊक होतं. पण तिचा तान्हा भाऊ गेला हे आज कळलं. गुरुवारीच गेला. नऊ महिन्यांचा होता.

आमचा उपेंद्र पाच महिन्यांचा आहे.

१८ जून, मंगळवार

आईबरोबर चंपाकडे गेले. मागच्याच गल्लीत घर. चंपा भिंतीशी बसलेली, दोन्ही हात परकराखाली दडवून. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात कस्तुराबाई आल्या — आमच्या या कानडी वस्तीत, बसवनगुडीत, मराठी घरात काही खुट्ट झालं की या हजर! डोळे पुसत पुसत, चंपाच्या देखत म्हणाल्या, "बहिणीनंच दिला हो ताप. सारखी मांडीवर घेऊन बसायची ना!"

चंपाची आई काही बोलली नाही. काहीच नाही! चंपानं मान आणखी खाली घातली. इतका राग आला मला त्या बाईचा!

घरी येताना मात्र डोक्यात एकच. चंपा शाळेत आली त्या शेवटच्या दिवशी मी तिच्याच फिरकीच्या तांब्यातलं पाणी प्यायले होते.

२० जून, गुरुवार

साबणानं बोटं पांढरी पडलीत. दिवसातनं वीसदा धुते. झोप नाही. सकाळ-संध्याकाळ कपाळं बघते — आईचं, नानांचं, माझं. उपेंद्रचं नाही. त्याला हात लावणार नाही म्हणजे नाही.

नाना पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, फ्लू म्हणजे तीन दिवसांचा पाहुणा. आमच्या कारखान्यातले निम्मे लोक पडले आणि उठून कामावर आलेसुद्धा." मोठ्यांचं ठीक आहे हो! दूधवाला बघा, फाटकाबाहेरूनच कानडीत "सरी अक्का", म्हणजे बरं ताई, म्हणतो आणि लांबून दूध ओततो. त्याला कळतं, नानांना कळत नाही.

आई दहादा हाक मारते, "अहल्या, धर गं याला जरा." मी जाऊन संडासात बसते. आज नानांना म्हणाली, "चौदा वर्षांची घोडी झाली आणि हिला भाऊ नकोसा झालाय." नकोसा! देवा! तो मला बघून बोळकं पसरतो आणि मी पळते. मला काय हौस आहे?

२१ जून, शुक्रवार

युक्ती सापडली! आईला सांगितलं, मी बाजूला झाले.

"पुन्हा? अजून पंधरा दिवससुद्धा झाले नाहीत गं!" आई बघतच राहिली. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी. पण सांगितल्यावर करते काय! मागच्या खोलीत चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. चार दिवस मला कुणी शिवायचं नाही. एरवी या कोपऱ्याचा कसला संताप येतो! आज आल्याआल्या हुश्श झालं.

२२ जून, शनिवार

झोपले. किती दिवसांनी!

२३ जून, रविवार

सत्यानाश!

नाना बाजारात गेलेले. चुलीवर दूध उतू चाललेलं, उपेंद्र किंचाळतोय, आई त्याला घेऊन माझ्या दारात. मी ओरडले, "नको! विटाळ होईल!"

"तान्ह्याला विटाळ नसतो," आई म्हणाली. झबलं काढलं, टोपडं काढलं, लंगोट काढला आणि नागडा गोळा माझ्या मांडीवर टाकून गेलीसुद्धा! विटाळ म्हणे कपड्यांना, पोराला नाही. हे कसं विसरले मी? शेजारी शंभरदा बघितलंय!

तोंड भिंतीकडे करून श्वास धरला. तो माझी वेणी चोखत होता. किती वेळ धरणार? सुटलाच.

२४ जून, सोमवार

अंग मोडून आलंय. घसा दुखतोय. थर्मामीटर लावला — एकशे एक.

आईला सगळं सांगून टाकलं. चंपा, तांब्या, खोटं. "खोटं आहे ते कळलं होतं गं," ती म्हणाली. "मला वाटलं, काम चुकवतेस." मग किती तरी वेळ माझं डोकं चेपत बसली. मी म्हटलं जा, तर गेली नाही.

२६ जून, बुधवार

उपेंद्रला ताप. एकशे दोन.

२७ जून, गुरुवार

दूध ओढत नाही. डॉक्टर म्हणाले, छाती अजून साफ आहे, दोन दिवस बघू. बघू म्हणजे काय बघू?

रडायला लागला की मी कान झाकते. थांबला की जास्त भीती वाटते. चंपा हात का दडवत होती ते आज कळलं. हे हात कुठे ठेवावेत तेच समजत नाही.

२८ जून, शुक्रवार

तसाच. माझा उतरला. माझा कशाला उतरला?

३० जून, रविवार

उतरला! पहाटे घामानं भिजला आणि आठ वाजता पोटभर प्यायला. नाना देवापुढे उभे राहून डोळे पुसत होते. आई म्हणाली, "ये, बघ तरी." उंबऱ्यापर्यंत गेले. पुढे पाय उचलेना.

उद्या कस्तुराबाई येणार आहेत समाचाराला. चंपाला म्हणाल्या तेच मला म्हणणार.

१ जुलै, सोमवार

आल्या. मी दाराआड. बसायच्या आधीच विचारलं, "पोराला कुणाकडनं लागलं हो? अहल्या पडली होती ना?"

"माझ्याकडनं," आई म्हणाली. "मला आधी ताप होता. अंगावर काढला आणि तशीच पाजत राहिले."

कस्तुराबाई खूप बोलल्या. आईनं सगळं ऐकून घेतलं. "हो, चुकलंच माझं," म्हणाली.

आईला ताप नव्हता. एक दिवसही नव्हता.