पाखरं तुमची, कसर माझी

सन्माननीय व्याहीबुवांच्या सेवेशी,

सादर नमस्कार. आम्ही सगळे इकडे ठीक आहोत, आणि 'ठीक' हा शब्द मी फार विचार करून वापरतो आहे. तुमचा गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंचा खोकला गेला का? आपला नातू मजेत आहे. रांगतो, हाताला लागेल ते तोंडात घालतो आणि दात आल्यापासून चावूनही बघतो. तुम्ही पाठवलेला लॅव्हेंडरचा नवा पुडा पोचला. पुड्याच्या आधी वास पोचला होता. तुम्ही आमच्यासाठी एवढी तोशीस घेता, त्याबद्दल आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते कळत नाही. (खरोखरच कळत नाही. कालपासून शब्द शोधतो आहे, आणि सुचतात ते व्याह्याला लिहिण्यासारखे नाहीत.)

मुळात चूक कोणाचीच नाही, असं धरून सुरुवात करतो. तुम्हाला ठाऊकच आहे, की दुकान बंद केल्यापासून मी घरीच बाहेरच्या खोलीत मशीन मांडून जुन्या गिऱ्हाइकांचे सूट-कोट शिवतो. लोकरी कापडाचा जो काही साठा उरला तो तिथल्याच पेटीत असतो. जन्मभर मी त्यात डांबराच्या गोळ्या टाकत आलो. पण नातू रांगायला लागला आणि एके दिवशी त्याच्या मुठीत त्यातली एक गोळी सापडली. (तोंडात जायच्या आत सूनबाईने काढून घेतली.) त्याच दिवशी सगळ्या गोळ्या घराबाहेर गेल्या. इथवर आम्हा सगळ्यांचं एकमत होतं. मग आपल्या कन्येने तुम्हाला फोन केला. (ती शहाण्यासारखी वागते तेव्हा मी तिला 'आमची सूनबाई' म्हणतो, आणि तुम्हाला फोन लावते तेव्हा 'आपली कन्या'. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्यावं.) विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून तुम्ही निसर्गाचं काम हाती घेतलं आहे. निसर्गाला त्याची कल्पना असावी अशी आशा करतो.

तुम्ही म्हणालात, लवंगा. मी कोटांच्या खिशांत लवंगा भरल्या. माझं एक गिऱ्हाईक बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. तो कोट घालून मीटिंगला बसला, आणि दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे शेजारचे जबडे चाचपायला लागले. तुम्ही म्हणालात, देवदाराच्या ढलप्या. सुताराकडून पिशवीभर आणल्या. त्या कापडात राहिल्या नाहीत, अस्तरात शिरल्या, आणि एक प्राध्यापक शिकवताना इतके खाजवत राहिले की घामोळं आलंय असं समजून विद्यार्थ्यांनी खिडक्या उघडल्या. मग तुम्ही म्हणालात, कपडा पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, अळी थंडीने मरते. ठेवला. नेमका ज्याचा कोट होता तो वकील ठरल्या दिवसाच्या आधीच दारात हजर. कोट बाहेर काढला तर दोन्ही बाह्या आडव्या, वाहतूक पोलिसासारख्या. वकीलसाहेबांनी तसाच अंगात चढवला आणि आरशासमोर बराच वेळ काही बोलले नाहीत. कोर्टात गप्प बसत नाहीत म्हणे. (फ्रीजरमधून आमच्या घरच्यांचे मटार आणि बर्फ बाहेर काढावा लागला होता, त्याबद्दल त्या जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. विहीणबाईही हे पत्र वाचतील.)

अशात तुमचं पोतं आलं. तुमच्या त्या शेतकरी मित्राचा बिनऔषधाचा गहू आणि वर बदामांची पिशवी. फार प्रेमाने पाठवलंत. आता माझं म्हणणं असं मुळीच नाही, की पाखरं तुमच्या पोत्यातून आली. ती त्यातून बाहेर पडली, एवढंच मी म्हणतो. आठवड्याभरात कोठीच्या खोलीत दिवा लावला की ती दिव्याभोवती फिरायला लागली. पिठाला जाळी धरली, रव्याच्या गुठळ्या झाल्या, मनुकांना पाय फुटले. आपल्या कन्येने तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, तमालपत्र. डब्याडब्यात तमालपत्र घातलं. मी स्वतः पाहिलं, एक पाखरू त्या पानावर येऊन बसलं, पंख आवरले, आणि भाड्याची जागा पसंत पडावी तसं इकडेतिकडे बघून तिथेच राहिलं. मग तुम्ही फडताळं व्हिनेगरने पुसायला सांगितलीत. आमच्या घरच्यांनी पुसली आणि डोकं धरून झोपल्या. पाखरं झोपली नाहीत. उपाय सांगण्यात तुम्ही काही कसर ठेवली नाहीत, व्याहीबुवा, आणि कसरीने कापड ठेवलं नाही. त्या कापडाचंच आता लिहितो.

दुकान उघडलं तेव्हा मी एक करड्या रंगाचं लोकरी कापड घेऊन ठेवलं होतं. मनासारखं गिऱ्हाईक आलं की कापायचं, असा बेत होता. मनासारखं गिऱ्हाईक काही आलं नाही. (आली ती सगळी मापाबद्दल खोटं बोलणारी.) कापड पेटीच्या तळाशी राहिलं. गेल्या आठवड्यात लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या ठेवायला पेटी तळापासून उपसली आणि ते उजेडात धरलं, तर खिडकीबाहेरचा रस्ता त्यातून दिसला. मग माझा तोल गेला. हातातली कात्री टेबलावर आपटली आणि सूनबाईसमोर म्हणालो, "तुझ्या बापाने पोतं पाठवलं, आणि त्यातल्या पाखरांनी माझं आयुष्य कुरतडून खाल्लं."

ती कोठीत गेली आणि बरणीत एक पाखरू धरून आणलं. मग माझ्या कापडाची घडी टेबलावर झटकली. त्यातून जे पडलं ते तिने मला भिंगातून बघायला लावलं, सुईत दोरा ओवायला वापरतो त्या भिंगातून.

"बाबा, बरणीतलं हे अप्पांच्या पोत्यातलं. पंखांची टोकं तांबूस आहेत. याची अळी पीठ खाते, आणि हे दिव्याकडे झेपावतं. आणि हे तुमच्या कापडातलं. लहान, पिवळट. उजेड दिसला की घडीत पळतं. याची अळी लोकर खाते, गव्हाला तोंड लावत नाही. पोतं येऊन महिना झालाय. एवढी भोकं महिन्याभरात पडत नाहीत."

तेव्हापासून ती माझ्याशी नातवामार्फत बोलते. "तुझ्या आजोबांना सांग, चहा झालाय." निरोप्याला अजून बोलता येत नाही, त्यामुळे मी वाट बघत बसतो आणि चहा निवतो.

आता परिस्थिती अशी. गहू चाळला, थोडा थोडा करून फ्रीजरमध्ये ठेवून काढला, आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत भरला. जाळी धरलेलं सगळं फेकलं. लोकरी कापडं उन्हात झटकली, शिवणी ब्रशने घासल्या, पेटी पुसून कोरडी केली. पाखरं आटोक्यात आहेत, कसरही. लवंग, लॅव्हेंडर, देवदार यांनी एकही कीड मेली नाही, तिला वास मात्र चांगला आला. तुम्ही स्वतः आठवडाभर येऊन 'जातीने लक्ष घालणार' असं कळवलं आहेत. व्याहीबुवा, मी हात जोडतो. गुडघ्याला विश्रांती द्या. तूर्त येऊ नका.

विहीणबाईंना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच दुरून वाढत राहो.

आपला,
व्याही

ता. क. पोतं, पिशवी, पुडा, पुरचुंडी यांपैकी काहीही पाठवू नये.

ता. क. दुसरा. खरं तर पत्र याचसाठी लिहायला घेतलं होतं. त्या करड्या कापडात कोटाएवढं सलग कापड आता निघत नाही, पण भोकं चुकवून एक बिनबाह्यांचं जाकीट निघतं. ते तुमच्यासाठी शिवावं म्हणतो. सूनबाईला तोंडाने काही सांगायला मला जमत नाही, मशीनवर जमेल. छाती आणि कंबर मोजून कळवा. टेप विहीणबाईंच्या हातात द्या, कारण तुम्ही स्वतः घ्याल तर पोट आत ओढाल.

ता. क. तिसरा. पाकीट टपालात टाकायला सूनबाईकडे दिलं होतं. तिने ते उघडून वाचलं. (उघडं होतं म्हणते. नव्हतं.) नंतर मशीनपाशी येऊन उभी राहिली. नातू आत झोपला होता, त्यामुळे निरोप द्यायला कोणी नव्हतं. म्हणाली, "बाबा, अप्पांची मापं पत्रातून मागवू नका. आई त्यांना घाबरून कमीच लिहील." मग बराच वेळ माझ्यासमोर बसून काजांचा दोरा निवडून दिला.

तेव्हा वरचं सगळं रद्द समजावं. माप द्यायला तुम्हीच या. शनिवारची गाडी सोयीची आहे.