आत्याच्या डाव्या हाताची अल्ना

११ नोव्हेंबर १९७४
मेडिकलच्या सीनियरकडून अभ्यासाला हाडांची पिशवी आणली — अर्धा सांगाडा आणि कवटी. आत्या कालच अक्कलकोटहून उतरलीय, माझ्यासाठी स्थळ घेऊन. वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तर तिने आधी कवटीला विभूती लावली — तीन बोटं, आडवी, व्यवस्थित! मग मला आंघोळीला पिटाळलं. कवटी आता आमच्यातली, लिंगायत झाली. तिलाही एखादं स्थळ बघायला हरकत नाही.

१२ नोव्हेंबर
स्थळ म्हणजे आत्याच्या दिराचा मुलगा, गुरुबसप्पा. बी. कॉम.ला दोनदा नापास, पण कापडाचं दुकान मोठं! अट एकच — लग्न झालं की माझं कॉलेज बंद. अप्पा विरघळताहेत. ‘घरातलंच माणूस हाय की,’ म्हणे. रविवारी होकार कळवणार आहेत. म्हणजे मी फिमर, टिबिया, पेल्व्हिस घोकायचे आणि पुढे जन्मभर खणाचं कापड मोजायचं. डोकं फिरलंय नुसतं.

१३ नोव्हेंबर
आज तीन आंघोळी. क्लॅव्हिकल पाठ झालं, सर्दीही झाली.

१५ नोव्हेंबर
उद्या तोंडी परीक्षा. सर म्हणतात, हाडं जिवंत माणसावर चाचपून शिका. अव्वाला, म्हणजे आईला, गुदगुल्या होतात. आत्या शेंगा फोडत बसली होती, तिचाच हात धरला. ‘डावा घे, उजव्याला काम हाय,’ म्हणाली.

कोपरापासून करंगळीच्या बाजूने बोट खाली सरकवलं की अल्ना कातडीखाली सलग लागते. आत्याच्या हातावर बोट मध्येच अडलं. जुनी गाठ, वाकडं जुळलेलं हाड. विचारलं, तर विहिरीवर पडले होते म्हणाली.

पडताना माणूस हात टेकतो, मोडतं ते बहुतेक मनगटाजवळ. एकटी अल्ना मधोमध मोडते ती डोक्यावर येणारी काठी हातावर झेलली की. सरांनी परवाच सांगितलं होतं. आणि मी दीडशहाणी — हे सगळं तिला घडाघडा म्हणून दाखवलं!

आत्याने हात काढून घेतला. शेंगा तशाच टाकून आत गेली. तिचे यजमान जरा तापट आहेत, एवढंच आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो. लाज वाटते.

१७ नोव्हेंबर, रविवार
आत्या सकाळच्या एस.टी.ने गेली. निघताना डावा हात पुढे करून अप्पांना म्हणाली, ‘महादेवा, हिला आमच्यात देऊ नको. पोराच्या आईचा हातबी असाच हाय.’