खांबाजवळची जागा

मी, दाविद सिद्राम गुंजोटीकर, वय अडुसष्ट, धंदा सुतारकी, धर्म ख्रिस्ती, राहणार जळकोट, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र राजीखुशीने व स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज लागत नाही असे विष्णुपंत म्हणतात. विष्णुपंत उस्मानाबादच्या अदालतीत कारकून होते आणि आता समोर बसून माझे शुद्धलेखन तपासत आहेत. त्याखेरीज माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही.

कलम पहिले. घराच्या मागच्या दोन खोल्या, भांडीकुंडी व परडे माझी एकुलती एक लेक रूथ हिला. जावई सोलापूरच्या गिरणीत आहे, त्याला घर विकायची घाई होईल. रूथ, त्याला पोटभर जेवू घाल आणि विषय बदल. तुझी आई माझ्याशी असेच करायची, मला ते वीस वर्षे कळले नाही.

कलम दुसरे. रंधे, पटाश्या व वाकस शेजारचे सुतार कल्याणप्पा यांना. माझी मोठी करवत त्यांनी सात वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेली, तीही त्यांना दिली. हे त्यांना आजच कळवले आहे, म्हणजे मला पाहून गल्ली बदलणे तरी थांबेल.

कलम तिसरे. पुढची मोठी खोली, जिथे आपली मंडळी दर रविवारी भक्तीला जमते, ती मंडळीला कायमची. तिच्यावरच्या पत्र्यांविषयी मात्र लिहिणे भाग आहे.

नऊ वर्षांपूर्वी नाताळच्या दिवशी एक श्रीमंत गुत्तेदार मोटारीतून आमच्या भक्तीला आले. आम्ही सगळे जमिनीवर बसतो, आणि खोली भरून गेली होती. मधल्या खांबाला पाठ टेकून बानूबाई बसल्या होत्या, कारण सडकेची खडी फोडून त्यांची कंबर गेलेली. मी मंडळीचा पंच. मी म्हणालो, "बाई, जरा दाराकडं सरका." त्या उठून चपलांजवळ बसल्या आणि त्यांच्या जागेवर मी नवी सतरंजी अंथरली. गुत्तेदारांनी जागा मागितलीही नव्हती. महिन्याभरात त्यांनी छपरासाठी पत्रे पाठवले. पत्रे चांगले निघाले, हे कबूल करतो, आणि घर माझे असल्याने ते माझ्याच डोक्यावर आहेत. बानूबाई त्या दिवसानंतर इथे आल्या नाहीत.

माझी बायको शिवकांता तेव्हा एवढेच म्हणाली, "मोटारीची धूळ खाली बसली. आता तुमी बी बसा." पुढच्या रविवारपासून ती स्वतः चपलांजवळ बसू लागली, ती तीन वर्षांपूर्वी वारली तोवर. तिच्यावर माझा फार जीव होता. तरीही मी बानूबाईंच्या दारी गेलो नाही, पंचाने कसे जावे म्हणून.

ज्या प्रभूच्या आईला बाळंतपणाच्या रात्री उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्याच्याच जन्मदिवशी मी एका म्हातारीची जागा काढून घेतली. प्रभूने आम्हाला जवळ केले तेव्हा आमच्या अंगावर धड कपडा नव्हता, आणि त्याने कपडा पाहिला नाही. मग मी मोटार पाहून मान झुकवली, ती कोणापुढे? म्हणून अट अशी: येईल त्याने जागा असेल तिथे बसावे. बसलेल्याला कोणासाठीही उठवू नये, जहागीरदार आला तरी. ही अट मोडल्यास खोली रूथची. तिने तीत खुशाल कडबा भरावा.

कलम चौथे. माझी दुभती शेळी बानूबाईंना.

इथवर लिहून झाल्यावर मी बाईंना निरोप धाडला. त्या आल्या, पण उंबऱ्याबाहेरच थांबल्या. विष्णुपंतांनी सगळे वाचून दाखवले.

"शेळी नगं मला," बाई म्हणाल्या. "शेळी दारात बांधली की तुमचं फिटलं, व्हय?"

"मग काय देऊ, बाई?"

"मेल्यावर काय बी देऊ नगा. जिते हाव तवर तोंडानं सांगा की."

मी काठी टेकत उंबऱ्यापाशी गेलो. म्हणालो, "बाई, माझं चुकलं. लई चुकलं." नऊ वर्षे मनात जुळवलेली बाकीची वाक्ये आठवली नाहीत.

"शिवकांता म्हणायची," बाई म्हणाल्या, "सांगतील कवातरी, पर उशिरा." आणि त्या आत आल्या. मला रडू आले. हे वाक्य विष्णुपंतांनी खोडायला सांगितले, मी ठेवत आहे.

सबब कलम चौथे रद्द. शेळी रूथला. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे विष्णुपंत सांगतात. बाईंना आता काहीच मिळत नाही, तेव्हा त्यांची साक्ष चालते. मात्र कचेरीत प्रतिष्ठिताची सही वर आणि अंगठा खाली असा रिवाज आहे, असे म्हणत त्यांनी स्वतःचे नाव आधी लिहायला लेखणी उचलली. मी त्यांच्या हातून ती काढून घेतली.

मुक्काम जळकोट, शनिवार, १६ डिसेंबर १९४४, फसली सन १३५४.

सही: दाविद सिद्राम गुंजोटीकर

साक्षीदार:

१. बानूबाई, काम खडी फोडणे, राहणार जळकोट. अंगठ्याचा ठसा.

२. विष्णुपंत, निवृत्त कारकून. खाली सही करण्यास माझी हरकत नाही.