बर्फावरून उतरल्यावर

अल बर्शा, दुबई

प्रिय शहनाझ,

तुला आणि अम्मीला सलाम. मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. अम्मीचे गुडघे कसे आहेत? विहिरीची मोटर बसवली का?

फोनवर हे सांगायला जमत नाही, म्हणून गावी निघालेल्या रफिकभाईंच्या हाती चिठ्ठी पाठवतोय. खेळायचो तेव्हा डोक्याला किती वेळा मार बसला, तू पाहिलंस. आइस हॉकीत एवढं चालायचंच, असं मी म्हणायचो. कोच झालो तेव्हा वाटलं, आता सुटलो.

परवा मॅचमध्ये मला माझ्याच टीमच्या मुलींची नावं आठवेनात. कॅप्टन एमान समोर उभी होती आणि मी नुसता "तू, तू" करत राहिलो. ती हळूच म्हणाली, "कोच, आय ॲम एमान." तिचे डोळे भरले होते.

डॉक्टर म्हणाले, हे जुन्या माराचंच आहे आणि यावर औषध नाही. मॅनेजर म्हणाला, "खलास हबीबी, अब आराम करो." मी निघताना त्याने माझी कोचची शिट्टी मागून घेतली.

तू काळजी करू नकोस. काल मात्र मेट्रोतून उतरलो आणि घर कुठल्या बाजूला आहे तेच सुचेना. स्टेशनातच बसून रडलो.

आपली माहनूर स्केट्स मागत होती ना? तिला नाही म्हणून सांग. रुसली तर रुसू दे. पण तिला रोज मला फोन करायला लाव. आणि मी उचलला की आधी स्वतःचं नाव सांगायला शिकव.

तुझाच,
मुबीन