एकसुरात 'हो'

ता. ८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नव्या शाळेत वर्गासाठी टॅब आलेत. भूमितीच्या तासाला मी पडद्यावर आकृती टाकतो, मुलं टॅबवर उत्तर दाबतात आणि किती जणांनी काय दाबलं ते नावांशिवाय पडद्यावर उमटतं. मार्क नाहीत. कोण कुठे अडलंय एवढंच मला कळावं, म्हणून.

तर कळलं. चौरस जरा तिरका करून दाखवला, तर निम्म्याहून जास्त वर्गाच्या मते तो चौरस राहिलाच नाही. याच वर्गाने आदल्या दिवशी समजलं का विचारल्यावर एकसुरात हो म्हटलं होतं. असल्या 'हो'च्या भरवशावर मी आजवर किती धडे उरकले कोण जाणे. रात्री जेवण गेलं नाही. तुझी वहिनी म्हणाली, चौरसासाठी उपाशी राहणारा माणूस पहिल्यांदाच पाहतेय.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
टिल्लू

ता. १५ जुलै

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

मी शिकवत होते तेव्हा मुलांच्या कपाळावरच्या आठ्या वाचायचे. हसऱ्या चेहऱ्यांनी मला सगळ्यात जास्त फसवलं. उपास सोड. कागदाचे चौरस कापून मुलांच्या हातात दे, फिरवू देत हवे तसे.

तुझे भाऊजी गुडघा दुखत नाही म्हणतात. डॉक्टरांनाही हेच सांगून आले. एक टॅब त्यांच्यासाठी पाठव.

वहिनीला आणि मुलांना खूप माया.

ताई

ता. २ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागदाचे चौरस कामी आले. पण मुख्याध्यापिकाबाईंना तो पडदा फारच आवडला. आता प्रत्येकाचं उत्तर नावानिशी दर शनिवारी पालकांना जातं. तेव्हापासून माझा अख्खा वर्ग हुशार झालाय.

म्हणून काल त्रिकोणाच्या तिसऱ्या कोनाचा प्रश्न घातला आणि चारही पर्याय मुद्दाम चुकीचे दिले. सगळ्यांनी 'ब' दाबलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने 'ब' दाबलं, तिचं बघून बाकीच्यांनीही दाबलं. तिला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाली की एकही उत्तर बसत नव्हतं, पण रिकामं सोडलं तर घरी पप्पा बोलतील. आणि रडायला लागली.

बाईंशी बोलायला हवं. पण मला कायम करायचं की नाही, ते त्यांच्याच सहीवर आहे. काय करू?

तुझा,
टिल्लू

ता. ७ ऑगस्ट

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

बोल. पण तक्रार घेऊन जाऊ नकोस, टॅब घेऊन जा. मास्तरांनाही एकदा मुलांच्या जागी बसू दे. सही नाहीच झाली तर इकडे ये, गुडघ्याची खरी बातमी काढायला माणूस हवाच आहे.

ताई

ता. २० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शिक्षकांच्या मीटिंगला बाईंसकट सगळ्यांना टॅब वाटले. प्रश्न एकच: शनिवारचा नियम चांगला आहे का? आधी नावं दाखवून विचारलं. सगळे हो. मग नावं झाकून तोच प्रश्न पुन्हा विचारला. एक हो, बाकी सगळे नाही. कोणी कोणाकडे बघेना. बाईंनी चष्मा पुसला आणि नियम रद्द केला. कायमच्या कागदावर परवा सहीही केली.

तो एकटा 'हो' बाईंचाच, असं स्टाफरूममध्ये सगळे धरून चाललेत. पण मला सही देताना बाई हळूच म्हणाल्या, तो माझा नव्हता हो सर.

कोणाचा, ते आम्ही दोघांनीही शोधायचं नाही असं ठरवलंय.

माया असू दे.

तुझा,
टिल्लू