एक्केचाळिसावं मिनिट

शनिवार, १२ ऑक्टोबर
दुपारी तीन

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळं ठीक, तिकडचंही ठीक असावं, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुझं पत्र मंगळवारी आलं. आज शनिवार, म्हणजे माझ्या मानाने मी फारच लवकर उत्तर देतोय. मागच्या वेळी दीड महिना लावला होता, तर तू लिहिलंस, "पत्र लिहितोस की दगडात कोरतोस?" सात वर्षं तुझी पत्रं गुपचूप लॅबच्या पत्त्यावर यायची. आता राजरोस घरी येतात, आणि पोस्टमन दार वाजवतो तेव्हा मी अजूनही आधी मागे वळून बाबांच्या खोलीकडे बघतो. सवय.

आधी बातम्या. लॅबमध्ये कवळ्यांचं काम तुडुंब आहे. एका आजोबांची कवळी तिसऱ्यांदा परत आली. पहिल्यांदा टोचते म्हणाले, मग सैल आहे म्हणाले, आता म्हणतात हसलं की दुसऱ्याचेच दात दिसतात. मालक मला म्हणाले, "त्यांना सांग, दात दुसऱ्याचेच आहेत, हसू तेवढं तुमचं." मी पुन्हा मेण तापवायला घेतलं. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू रोज विचारतात जेवलास का, मी रोज हो म्हणतो. न्हाणीघरातला नळ गळतोच आहे. बाबा दर रविवारी तो दुरुस्त करायचे आणि सोमवारी तो पुन्हा गळायचा. आता रविवारीही गळतो.

तुझ्या लेकीने विचारलंय, मामा हल्ली गेमची परीक्षणं का टाकत नाही. तिला सांग, मामाचे दात पडले.

हे मस्करीत घालवतोय खरं, पण सांगतो. मार्चपासून मी धड एकही गेम पुरा केलेला नाही. एप्रिलमध्ये दोन परीक्षणं कशीबशी टाकली. एका वाचकाने लिहिलं, "साहेब, तुम्ही खेळता की नुसतं बघत बसता?" बरोबर ओळखलं पठ्ठ्याने. हेडफोन लावतो, पाच मिनिटं झाली की काढतो, कानोसा घेतो. घरात कोणी नाही हे माहीत असूनही घेतो. मग पुन्हा लावतो. असं खेळून कुणाला काय डोंबल कळणार! जूनमध्ये परीक्षणांचं पान बंद केलं. चार हजार वाचक होते गं.

पहिलं परीक्षण टाकलं तेव्हा ते अकरा वेळा वाचलं गेलं होतं, त्यातल्या सात वेळा वाचणारा मीच होतो. आणि सुरुवात तुझ्यामुळे झाली, हे मी कुणाला सांगितलं नाही. बाबांनी कुणाचं तरी वापरलेलं ते गेमचं यंत्र आणलं, कंट्रोलर एकच. खेळायचीस तू. मी शेजारी मांडी घालून बसायचो आणि सांगायचो, इथे उडी लहान हवी होती, ही पायरी उगाच ठेवलीय. तू म्हणायचीस, "हातात काही येत नाही, तोंड मात्र चालू." तेच तोंड पुढे चार हजार लोकांनी वाचलं.

आणि तुझी पाळी संपून माझी आली, की मी बहिरा. बाबांच्या हाका आठवतात ना? दोन हाका माझ्या, "ठोंब्या! ए ठोंब्या!" मी ओ देणार नाही हे त्यांनाही ठाऊक. मग तिसरी ठरलेली, "खारू, तू तरी ये गं." आणि तू वही टाकून, हात ओले असतील तर फ्रॉकला पुसत, धावायचीस. पेन्सिली, खोडरबर, बिस्किटं, सगळं खारीसारखं लपवून ठेवायचीस म्हणून खारू. ते नाव फक्त त्यांचं होतं. आईसुद्धा तुला त्या नावाने हाक मारायची नाही.

लिहिता लिहिता भलतीकडे आलो. लॅबला जायचंय, एक कवळी पॉलिश करून द्यायची आहे. उद्या पुरं करतो.

रविवार, १३ ऑक्टोबर
सकाळ

ताई, काल लॅबला सुट्टी होती. कवळी वगैरे काही नव्हतं. शेपूट घातलं, दुसरं काय.

आता तुझ्या पत्राला उत्तर देतो. बाबांच्या कपाटातलं तुला काय हवं असं मी विचारलं होतं. घड्याळ, चष्म्याचं घर, हिरवा मफलर, अशी यादी केली होती. तू चारच ओळी लिहिल्यास. "मला काही नको. ज्या माणसाने सात वर्षं माझं नाव घेतलं नाही, जातानाही घेतलं नाही, त्याचा मफलर मी कशाला गळ्यात घालू? फोटोही उतरवलाय. पुन्हा विचारू नकोस."

त्या चार ओळी मी पाच दिवस खिशात घेऊन फिरतोय.

आई गेली तेव्हा तुला दुपारची गाडी मिळाली नाही, तू दुसऱ्या दिवशी पोचलीस. तुझी नोकरी नवी होती, रजा मिळत नव्हती, आई इतक्यात जाईल असं डॉक्टरही म्हणाले नव्हते. पण बाबांनी दारातच सुनावलं, "आली का वेळ काढून? आता कोणासाठी आलीस?" तू उलट बोललीस, तेही बोलले, आणि शेवटी म्हणाले, "या घरात तुझं नाव निघणार नाही." माणूस शब्दाला जागला गं. सात वर्षं तुझा विषय निघाला की "ती" म्हणायचे. "तिचं पत्र येतं का लॅबमध्ये?" म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी "हो" म्हटलं की पेपर वर धरायचे. पान उलटायचे नाहीत.

फेब्रुवारीत बाबा गेले तेव्हा तू आलीस, तिसऱ्या दिवशी. सगळे पांगल्यावर स्वयंपाकघरात कप विसळत होतीस. माझ्याकडे न बघता विचारलंस, "शेवटी काही म्हणाले का? माझं नाव?" मी म्हणालो, "नाही गं. दुपारी झोपेतच गेले. काही कळलंच नाही." तू मान हलवलीस आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतलास.

ताई, ते खोटं होतं.

ते गेले त्या रविवारी मी घरात होतो. माझ्या खोलीत, दार लावून, कानांवर हेडफोन. एका कंपनीने पहिल्यांदाच मला गेम बाजारात यायच्या आधी पाठवला होता. एक मेंढी डोंगर चढते, एवढाच गेम. हसू नकोस, फार सुंदर होता. सोमवारपर्यंत परीक्षण द्यायचं होतं, आणि मी वाटेतल्या तुटलेल्या पुलावर अडकलो होतो. उडी मारायची, मेंढी दरीत, पुन्हा पहिल्यापासून. जेवून दोन वाजता बसलो. बाबा त्यांच्या खोलीत आडवे झाले होते. पाच वाजता चहाला उठलो, तेव्हा ते पलंगावरून अर्धे खाली होते. एक हात दाराच्या दिशेने. पाण्याचा पेला आडवा झालेला, पाणी सुकून गेलेलं. मी त्यांना उचलून नीट निजवलं, पांघरूण घातलं, उशी सारखी केली, आणि मग शेजाऱ्यांना हाक मारली. "झोपेत गेले" ही गोष्ट मी त्या पांघरुणाबरोबरच रचली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वेळेवर कळलं असतं तर वाचले असते का, हे मी विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही. छाती होत नाही.

तू दोनशे कोस लांब होतीस आणि एक दिवस उशिरा आलीस, तर त्यांनी सात वर्षं तुझं नाव टाकलं. मी बारा पावलांवर होतो. मोजली आहेत, बाराच आहेत. मग माझं काय करायचं, तू सांग. या भीतीने मी मूग गिळून बसलो. तुझ्याही भीतीने बसलो.

थांब, पुरं झालेलं नाही. चहा ठेवतो आणि येतो.

रविवार, दुपार

खेळताना मी तोंडाने बडबडत असतो आणि ते सगळं रेकॉर्ड करतो, हे तुला ठाऊक आहे. पुढे लिहिताना कामी येतं, कुठे कंटाळलो, कुठे हसलो. त्यासाठी एक चांगला माइक घेतला होता. माझे कान बंद असले तरी तो उघडा असतो, आणि दाराखालच्या फटीतून येणारा नळाचा थेंबसुद्धा टिपतो.

बाबांनंतर दोन आठवड्यांनी मी परीक्षण लिहायला बसलो. कंपनीला शब्द दिला होता. रेकॉर्डिंग लावलं. एक्केचाळिसाव्या मिनिटाला मागून आवाज येतो. आधी मला वाटलं गेममधला आहे. मग पुन्हा ऐकलं.

"ठोंब्या."

थोड्या वेळाने पुन्हा, "ए ठोंब्या." दुपारी कवळी काढून ठेवायचे, त्यामुळे शब्द पोकळ येतात. पण स्पष्ट आहेत. आणि मी इकडे मेंढीला शिव्या घालतोय.

मग बराच वेळ काही नाही. पेला पडल्याचा आवाज. आणि मग, ताई, त्रेचाळिसाव्या मिनिटाला,

"खारू... खारू, तू तरी ये गं."

त्याच्या पुढच्याच क्षणाला माझी उडी बसली. मी ओरडतोय, "जमलं! अरे जमलं!" आणि टाळ्या वाजवतोय. दाराच्या पलीकडून पुढे काही येत नाही.

मी येत नाही म्हटल्यावर त्यांनी तुला हाक मारली. तू तिथे नाहीस हे ते विसरले असतील, किंवा विसरले नसतील. मला माहीत नाही. पण सात वर्षं जे नाव दातांखाली दाबून धरलं, ते त्यांच्या तोंडून आलेलं शेवटचं आहे. आणि हे मी आठ महिने तुझ्यापासून लपवलं, कारण ते तुला द्यायचं म्हणजे त्याच्या आधीच्या दोन हाकाही द्याव्या लागतात. तू तिकडे फोटो उतरवत होतीस आणि मी इकडे अळीमिळी गुपचिळी. नालायक आहे मी.

परीक्षण मी त्या संध्याकाळी पुरं केलं. दहापैकी नऊ गुण दिले. पुलाच्या त्या उडीबद्दल लिहिलं, "असा आनंद बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता." माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं परीक्षण तेच. कंपनीने ते वाक्य त्यांच्या जाहिरातीत छापलं. कसं लिहिलं, विचारू नकोस. हात चालत होते. त्यानंतर मला एकही गेम सोसला नाही.

मंगळवारी तुझं पत्र आल्यावर मी आधी काय केलं, तेही सांगतो. रेकॉर्डिंग कापलं. मला ते चांगलं जमतं. माझी बडबड काढली, मेंढी काढली, "ठोंब्या" काढलं, टाळ्या काढल्या. फक्त तुझी हाक उरली, सहा सेकंदांची. म्हटलं, हेच पाठवू, लिहू की बाबांच्या फोनमध्ये सापडलं. ऐकायला इतकं स्वच्छ होतं की कुणालाही पटलं असतं. तीन दिवस ते तसं तयार होतं. मग शुक्रवारी पुसून टाकलं. बाबांची हाक तुला द्यायची आणि तिच्यातून स्वतःला तेवढं सोडवून घ्यायचं, हे पुन्हा दार लावून बसल्यासारखंच झालं असतं.

म्हणून सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये सगळं आहे, न कापलेलं. मफलरात गुंडाळलाय. मफलर नको असेल तर परत पाठव, पण पेन ड्राइव्ह ऐक. एकटी असशील तेव्हा ऐक, लेकीसमोर नको. आवाज बारीक आहे, हेडफोन लावावे लागतील. माझा आवाज मोठा येईल, त्याला इलाज नाही.

ऐकून झाल्यावर तू मला काय म्हणशील, ते मला आत्ता सुचत नाही आणि मी सुचू देत नाही. सात वर्षं बोलली नाहीस तरी मला समजेल. त्यांचाच कित्ता गिरवशील, आणि तुझा हक्क आहे. फक्त त्यांचा फोटो परत लाव गं. तुझ्या बाबतीत ते चुकले, फार चुकले, पण शेवटी त्यांना तूच हवी होतीस. माझ्या लपवण्यापायी तू त्यांना अशी उतरवून ठेवू नकोस.

रविवारच्या दुपारी मी घरीच असतो. खोलीचं दार उघडं असतं. फोन एकदा वाजला तरी ऐकू येतो.

दोन हाकांना ओ न दिलेला,
तुझा ठोंब्या