चुकीचं वाक्य शोधा

मॉरिसव्हिल, १४ ऑक्टोबर २००४

आज लॅबमध्ये लंचला केन्जी जपानमधल्या कॉलेज एन्ट्रन्सबद्दल सांगत होता. त्यांच्या इतिहासाच्या पेपरात कोरिया कसा यायचा, असं सुजिनने विचारलं. ती कोरियन. केन्जीला एक प्रश्न अजून पाठ आहे: जपानी राजवटीतल्या कोरियाबद्दल चार वाक्यं, त्यातलं चुकीचं शोधा. एक वाक्य होतं, कोरियन लोकांना जपानी नावं घ्यायला लावली.

सुजिन म्हणाली, "हे खरं आहे. माझ्या आजोबांचं नाव बदललं होतं."

"हो ना, म्हणून ते सोडून पुढे जायचं," केन्जी म्हणाला. मग त्याने अर्धा डबा तसाच बंद केला.

खरं होतं म्हणून सोडून पुढे जायचं. संध्याकाळपासून तेच डोक्यात. पण केन्जीचं काय चुकलं? वेळ कमी, पेपर मोठा. मीही तेच केलं असतं.

केलंच की. आमच्या नागपुरात गाळलेली जागा यायची: भोसल्यांनी डॅश प्रांतावर स्वाऱ्या केल्या. बंगाल. एक मार्क. तिथल्या गावांचं काय झालं, हे पेपरात कुणी विचारलं नाही, मलाही कधी सुचलं नाही.

माझी रूममेट मिताली कोलकात्याची. लहानपणी झोपली नाही की आजी तिला भीती घालायची, मराठे येतील. पहिल्याच आठवड्यात तिने हे हसत सांगितलं होतं, मीही हसले होते. आत्ता ती किचनमध्ये भात लावतेय. विचारावं का तिला, तुमच्या पेपरात आम्ही कसे यायचो? की तिथेही एका मार्कालाच?